टॅगमध्ये कारागीर का नाही?

मागच्या हिवाळ्यात मैत्रिणीच्या निकाहसाठी मी शरारा डिझाइन केला आणि त्याची रील टाकली. फोटोग्राफर, मेकअपवाली, दागिन्यांचं दुकान, अगदी हॉलवाल्यालाही टॅग केलं. गोवंडीच्या कारखान्यात अड्ड्यावर वाकून अठरा दिवस जरदोजी भरणारे चाचा तेवढे राहिले. धाकट्या भावाने विचारलं, "आपा, हे तू भरलंस?" मी "हो" म्हणाले.

तो "हो" अजून टोचतो, म्हणून हे लिहितेय.

फॅशनमध्ये सध्या 'कोलॅब' या शब्दाची चलती आहे. 30 मार्च 2023 ला दिऑर या फ्रेंच कंपनीने मुंबईत गेट वे ऑफ इंडियापाशी शो केला. मागे भरतकामाचं अवाढव्य तोरण होतं. दिऑरच्या तेव्हाच्या डिझायनर मारिया ग्राझिया किउरी आणि मुंबईच्या 'चाणक्य'च्या करिश्मा स्वाली यांच्या जुन्या भागीदारीतून ते उभं राहिलं. युरोपातले बडे ब्रँड मुंबईतून भरतकाम करून घेतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. बोलत कुणी नाही. त्या दिवशी एक ब्रँड उघडपणे बोलला, हे मला मनापासून आवडलं. पण मी वाचलेल्या बातम्यांत डिझायनर आणि संस्था नावानिशी होत्या. सुई धरणारे मात्र नुसतेच 'कारागीर', अनेकवचनी.

मग जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, कोल्हापूरचं नाव न घेता. आपल्याकडे गदारोळ झाला. कंपनीला प्रेरणा कुठून आली ते मान्य करावं लागलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. हे घडलं, कारण कोल्हापुरीच्या नावातच तिचं गाव आहे. 2019 पासून तिला जीआय मानांकन आहे. भांडायला कागद हातात होता.

गोवंडी-धारावीतल्या जरदोजीकडे असा कागद नाही. लखनौच्या जरदोजीला जीआय आहे, पण तो त्या भागापुरता. आमचे चाचा मूळचे बिहारचे, आयुष्य गेलं मुंबईत. त्यांचं काम ना तिकडच्या खात्यात, ना इकडच्या. त्यांच्याकडे स्वतःचं नाव तेवढं आहे आणि तेच आपण गाळतो.

एक गंमत सांगते. ऑगस्ट 2025 च्या अमेरिकन 'व्होग'मध्ये गेस कंपनीची जाहिरात आली. त्यातली मॉडेल एआयने बनवलेली, म्हणजे अस्तित्वातच नसलेली. पण ती बनवणाऱ्या स्टुडिओचं नाव बारीक अक्षरात का होईना, पानावर छापलेलं होतं. जी मुलगी नाहीच, तिच्या कर्त्याला श्रेय मिळतं. आणि चाचा तर आहेत.

आपल्यातल्या कितीतरी मुली आज घरातून अबाया-हिजाबचे ब्रँड चालवतात. मीडियात मुसलमान ठरावीक साच्यात दिसतो, अशी आपली तक्रार असते आणि ती खरीच आहे. पण आता कॅमेरा आपल्या हातात असताना आपणही कारखान्याचा माळा फ्रेमबाहेरच ठेवतो ना?

"नाम से क्या होगा, बेटी? रेट बढ़ाओ," चाचा म्हणाले होते. बरोबरच आहे. पण रेट का वाढत नाही? मी ठेकेदाराला पैसे देते, तो त्यातून त्यांना देतो. मधला हिशोब मला कळत नाही, त्यांनाही नाही. कारागिराचं नाव आणि नंबर लपलेला राहण्यातच ठेकेदाराची कमाई आहे. नाव दिसलं, तर पुढची नवरी थेट फोन करेल. ठेकेदार माझ्यावर चिडेल, कदाचित पुढच्या सीझनला काम घेणार नाही. ती भीती मलाही आहे.

एखाद्याला नाव नको असेल, तर नको. पण आधी विचारायला तर हवं. मी विचारलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात गेले आणि विचारलं. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, रील दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा बाहीपाशी थांबवायला लावली. तिथला एक टाका सैल पडलाय म्हणाले. मग म्हणाले, माझं नाव टाक, पण नंबर मुलाचा दे. मुलगा आरी शिकलेला आहे, सध्या बाइकवर डिलिव्हरी करतो. ऑर्डर आली तर परत अड्ड्यावर बसेन म्हणतोय.

रीलच्या खाली आता तो नंबर आहे.