परसातली मोटरसायकल आणि यंत्राची मालकी

वस्तू विकत घेतली की ती घेणाऱ्याच्या मालकीची झाली, असे कायदा सांगतो. परंतु ती बिघडली असता उघडण्याचे, समजून घेण्याचे आणि दुरुस्त करण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी नाही, त्याची मालकी केवळ कागदावरची असते. हप्ते फिटले, आरसी बुकावर नाव चढले, तरी यंत्राचा खरा धनी कारखानदारच राहतो. कारखान्यातील यंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न समाजवादी चळवळीने पुष्कळ चर्चिला आहे. घराच्या पडवीत उभ्या असलेल्या यंत्राच्या बाबतीत तो क्वचितच विचारला गेला.

तालुक्याच्या गावी, साखर कारखान्यांच्या वसाहतींत, गिरणी कामगारांच्या चाळींमागच्या बोळांत अजूनही जुन्या मोटरसायकली गोणपाटाखाली पडून आहेत. कोणाची येझदी, कोणाची जावा, कोणाची राजदूत. वडिलांनी कायम नोकरी लागल्यावर घेतलेली, किंवा दोन्ही बाजूंना कॅन अडकवून वर्षानुवर्षे दूध वाहिलेली. भंगारवाला तिचा भाव वजनावर सांगतो आणि शोरूमवाला नव्या गाडीचे हप्ते समजावतो. या दोघांच्या मधल्या जागेत एखादा तरुण, ज्याने आजवर पाना हाती धरलेला नाही, ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवतो. लोक त्याला हौशी म्हणतात. वस्तुतः तो मालकीचा व्यवहार पुरा करीत असतो.

त्याने ज्या यंत्राला हात घातला त्याचा इतिहास बोलका आहे. जावा ही चेकोस्लोव्हाकियातील १९२९ साली स्थापन झालेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रीयीकरण झालेली कंपनी. तिच्या परवान्याखाली म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून २५० सीसीची मोटरसायकल तयार होऊ लागली. पुढे सत्तरीच्या दशकात ती येझदी या नावाने निघू लागली आणि १९९६ साली कारखाना बंद पडेपर्यंत निघत राहिली. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूतही पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलीवरून घडवलेली. युद्धाने होरपळलेल्या, परकीय चलनाची चणचण असलेल्या देशांनी रोजच्या राबत्यासाठी बांधलेली ही यंत्रे होती. डौल बेताचा, वजन भरपूर, आणि चालवणाऱ्यालाच कधीतरी रस्त्याकडेला बसून ती खोलावी लागणार हे गृहीत धरलेले.

म्हणूनच नवशिक्याला ती शिकता येतात. या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, कॅम नसतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक ही तीनच मुख्य हलणारी अंगे. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि झाकतो. इंधन आत घेणे आणि धूर बाहेर टाकणे ही दोन्ही कामे त्यातच उरकतात. जावा-येझदीत तर किक मारण्याचा आणि गिअर टाकण्याचा दांडाही एकच. काटकसर ही यंत्ररचनेतही सौंदर्य आणू शकते, हे पाहायचे असेल तर या गाडीचे इंजिन एकदा उघडून पाहावे.

आरंभ मात्र बहुधा चुकीच्या जागी होतो. टाकी घासून रंग द्यावा, क्रोम चमकवावे, अशी पहिली ऊर्मी असते. शहरी धनिकांच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांची जी पुनःस्थापना चालते तिचे आदर्श चित्र हेच असल्यामुळे तसे होते. पण शोभेची गाडी वेगळी आणि रस्त्याची गाडी वेगळी. रस्त्याच्या गाडीची सुरुवात कागदपत्रांपासून होते. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळतो की नाही हे आधी पाहिले नाही, तर सहा महिन्यांचे श्रम परिवहन कार्यालयाच्या दारात वाया जातात.

त्यानंतर ब्रेक. गाडी चालू होण्याआधी ती थांबते की नाही याची खात्री करणे, हा क्रम उलटा वाटला तरी योग्य आहे. चाक उतरवून ड्रम साफ करावा, शू झिजले असतील तर बदलावेत. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ती धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. ज्या मेस्त्रींनी चाळीस वर्षे ती फुंकून उडवली, त्यांच्या फुप्फुसांचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाही. टायरवर नक्षी शिल्लक दिसली तरी रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील, तर तो टायर बादच समजावा. क्लचची आणि ब्रेकची केबल बदलण्यात कसर करू नये.

मग ठिणगी. प्लग काढून, वायर लावून, तो सिलिंडरच्या हेडला टेकवून किक मारली असता ठिणगी दिसली पाहिजे. दिसली नाही तर डायनॅमोच्या झाकणाखालचे पॉइंट पाहावेत. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्यांवर पापुद्रा धरतो. तो बारीक पॉलिश कागदाने काढून फीलर गेजने सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर ठेवले की पुष्कळदा मृत समजले गेलेले यंत्र पहिल्यांदा हुंकार देते. कार्बोरेटरचे जेट हवेने साफ करावे, सुईने कोरू नये. पितळेचे भोक एकदा मोठे झाले की इंधनाचे माप कायमचे बिघडते. टाकीतला गंज काढणे हे सर्वांत कंटाळवाणे काम. त्यात भर म्हणजे आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते पाणी शोषते, आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्याला टिकत नाहीत. म्हणून रबर नवे घालावे आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी.

एवढे केल्यावरही काही गाड्या पांढरा धूर ओकत राहतात, किंवा तापून मध्येच पिस्टन धरतात. नवशिका पुन्हापुन्हा कार्बोरेटर उघडतो. दोष तेथे नसतोच. टू-स्ट्रोक इंजिनाची क्रँककेस हवाबंद असावी लागते, कारण इंधन वर ढकलण्याचे काम तीच करते. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील कडक झाले की एकीकडून हवा शिरते आणि दुसरीकडून गिअरचे तेल ओढले जाते. नुसत्या आवाजावरून हे ओळखणारा माणूस गावात एखादाच उरलेला असतो. बाराव्या वर्षी गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागलेला, शाळेने बाहेर ठेवलेला, कोणतेही प्रमाणपत्र नसलेला हा मेस्त्री म्हणजे एक चालतेबोलते विद्यापीठ आहे. त्याच्या डोक्यातले ज्ञान कोणी लिहून घेतलेले नाही. ज्या समाजात हात काळे करणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या खालच्या पायरीवर बसवले गेले, तेथे पदवीधर तरुणाने त्याच्याशेजारी बसून ‘दादा, हे कसं ओळखलंत?’ असे विचारणे ही लहान गोष्ट नव्हे. जातिअंताच्या परिसंवादांतून हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या भारतात आल्या. त्यांतील एका प्रसिद्ध जाहिरातीचा आशय असा होता की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. गाड्या खरोखर चांगल्या होत्या. कमी पेट्रोल पीत, कमी धूर सोडत, आणि लक्षावधी कष्टकऱ्यांना त्यांनी स्वस्त प्रवास दिला. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु विसरून जाण्याचा तो उपदेश ग्राहकाने फारच मनावर घेतला. विसरलेल्या ज्ञानाची जागा रिकामी राहत नाही. ती कोणीतरी भाड्याने देण्यासाठी ताब्यात घेतो. आजच्या गाडीतला बिघड शोधण्यासाठी कंपनीचे निदानयंत्र लागते, आणि ते वाचण्याची किल्ली अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे असते. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. मक्तेदारी नुसत्या उत्पादनात नसते, दुरुस्तीतही असते, याची ती अधिकृत नोंद होय.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. टू-स्ट्रोक इंजिन न जळलेले इंधन आणि तेल हवेत सोडते. जुन्या गाड्यांचे कौतुक म्हणजे शहरातल्या मुलांच्या छातीत धूर भरणे नव्हे काय? धूर आहे, हे मान्यच केले पाहिजे. तेलाचे योग्य प्रमाण, घट्ट रिंगा आणि नीट जुळवलेला कार्बोरेटर यांनी तो कमी होतो, नाहीसा होत नाही. सर्वांनी येझदीवर परतावे असे कोणीही म्हणत नाही. मागणी आहे ती निराळी. स्वच्छ इंजिनही उघडता येण्यासारखे का असू नये? धूर कमी करणाऱ्या यंत्राने माहिती लपवलीच पाहिजे, असा विज्ञानाचा कोणताही नियम नाही. १९५२ साली पंचमढीत डॉ. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो यंत्रविरोधातून नव्हे. माणसाच्या आवाक्यात राहणारे यंत्र, हा त्या आग्रहाचा गाभा होता. आवाका केवळ आकाराने ठरत नाही, आकलनाने ठरतो.

सरकारचे धोरण मात्र दुसऱ्याच दिशेने चालले आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. दुचाकीसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी २,०००. खरा फास त्याहून वेगळा आहे. नूतनीकरणास उशीर झाला तर दरमहा ३०० रुपये जादा, म्हणजे वर्षाला ३,६००. पैशाअभावी परसात पडलेली गाडी गंजत असते आणि तिच्यावरचा दंड वाढत असतो! दोन-तीन वर्षांतच तो तिच्या भंगाराच्या किमतीपलीकडे जातो, आणि मग भंगारवाल्याचेच शहाणपण खरे ठरते.

याउलट पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि गाडी प्रदर्शनासाठी, मिरवणुकीसाठी, पेट्रोल भरण्यापुरती रस्त्यावर काढायची. रोजच्या वापरास मनाई. जुने यंत्र संग्राहकाच्या दिवाणखान्यात असेल तर वारसा, कामगाराच्या परसात असेल तर थकबाकी. वर्गभेद किती बारीक फटींतून शिरतो, याचे हे उदाहरण अभ्यासवर्गात सांगण्यासारखे आहे.

दुरुस्तीच्या हक्काचा विचार दिल्लीत झालेलाच नाही असे नव्हे. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केले. शेती अवजारे आणि वाहने हे विषय त्यात आहेत. पण कंपनीची खुशी आणि नागरिकाचा हक्क यांत अंतर असते. अमेरिकेसारख्या भांडवलदारी देशातील मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ साली थेट मतदानाने वाहन कंपन्यांना दुरुस्तीची माहिती खुली करण्यास भाग पाडले. ग्राहक पंचायती, रिक्षा संघटना, गॅरेज कामगार आणि ट्रॅक्टरवाले शेतकरी यांचा हा समान प्रश्न आहे, आणि आपल्याकडे त्यांची एकही एकत्र बैठक भरू नये याचे आश्चर्य वाटते.

तोवर जिल्हा पातळीवर दोन गोष्टी मागता येतील. जी गाडी प्रत्यक्ष दुरुस्त होऊन तपासणीस उभी राहते आणि ब्रेक, दिवे, धूर या कसोट्यांना उतरते, तिचे विलंबशुल्क माफ व्हावे. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कर्मशाळा, ज्या बहुतेक गावी संध्याकाळी कुलूपबंद असतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी नवशिक्यांसाठी उघडाव्यात. शिकवायला त्याच गावातील मेस्त्रीला मानधन देऊन बोलवावे, आणि त्यासाठी त्याच्याकडे प्रमाणपत्र मागू नये.