मोबाइलने ‘नाही’ म्हटलं तरी लेकराचा घास अडू देऊ नका
औसा शहर व तालुक्यातील सर्व नागरिकांना कळकळीचं आवाहन



1 जुलै 2025 पासून देशभरातल्या अंगणवाड्यांमध्ये घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली आहे. सहा महिने ते तीन वर्षांची लेकरं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना मिळणारी आहाराची पाकिटं आता पोषण ट्रॅकर अ‍ॅपने चेहरा ओळखल्यावरच हातात पडतात. पेन्शनरांचा हयातीचा दाखला आणि पीएम-किसानचं ई-केवायसी यांतही चेहरा दाखवायची सोय आली आहे. बँकेपर्यंत हेलपाटा न घालता घरबसल्या दाखला देता येतो, ही म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय आहे. तिला आमचा विरोध नाही. चेहरा जुळला नाही म्हणून हक्काची वस्तू नाकारणं आणि वर त्या माणसाला खोटं ठरवणं, याला मात्र आमचा ठाम विरोध आहे. त्याबाबत प्रत्येक गावाने आत्ताच जागं व्हावं, यासाठी हे आवाहन.

अंगणवाडीच्या दारात काय घडतं ते आधी पाहा. माय कडेवर लेकरू घेऊन उभी. सेविका मोबाइल धरते, तिला पदर मागे घ्यायला लावते, डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. पाठीमागून ऊन येत असेल तर चेहरा काळा पडतो. रेंज गेली की गोल चक्र फिरतच राहतं. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असतो आणि नवरा ऊसतोडीला गेलेला असतो, मग ओटीपी सांगणार कोण? आत पाकिटं थप्पीला लागलेली, मायचं नाव वहीत, सेविका तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते. तरीही मोबाइल ‘हो’ म्हणेपर्यंत पाकीट द्यायचं नाही! यात सेविकेचा दोष नाही. निकृष्ट मोबाइल आणि न समजणारं इंग्रजी अ‍ॅप नको म्हणून 2021 मध्ये राज्यातल्या सेविकांनीच सरकारला मोबाइल परत केले होते.

यंत्र चेहरा ओळखतं म्हणजे काय करतं? फोटोतल्या चेहऱ्याचे आकडे बनवतं आणि ते जुन्या फोटोच्या आकड्यांशी ताडून पाहतं. दोन्ही किती जवळ आले की ‘जुळलं’ म्हणायचं, ही रेघ माणसंच ओढतात. रेघ कडक केली की खरी माणसं बाहेर राहतात, सैल केली की तोतये आत शिरतात. दोन्ही चुका शून्यावर आणणारं यंत्र आजवर झालेलं नाही. त्यात जुना फोटो हा आधारवरचा. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं. त्या सुरुवातीच्या वर्षांत ज्यांचे फोटो निघाले, त्यांच्या चेहऱ्यावरून तेव्हापासून किती उन्हाळे गेले! दात पडले, गाल बसले, बाळंतपणं झाली.

रंगाचाही फरक पडतो. चेहऱ्यावरून बाई की पुरुष एवढंच सांगणाऱ्या तीन नामांकित कंपन्यांच्या प्रणाली अमेरिकेतल्या संशोधक जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक 1 टक्क्याच्या आत होती, काळ्या-सावळ्या बायांच्या बाबतीत ती 34 टक्क्यांच्याही वर गेली. त्यानंतर प्रणाली सुधारल्या असतील, पण रानात उन्हात राबणाऱ्या बाईने यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असं यात काही नाही.

‘मग चोरी कशी थांबवायची?’ असं विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे. बोगस नावांवर माल उचलला जातो, हे कोण नाकारेल? पण रोजगार हमीचा अनुभव पाहा. ज्या महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली, तिथेही मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढून अ‍ॅपवर चढवणं 2023 पासून सक्तीचं झालं. आणि जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोचेही फोटो चढवले जात आहेत. हा उद्योग टोपली वाहणाऱ्याने केलेला नाही. मोबाइल ज्याच्या हातात, त्याला पळवाट सापडते, आणि कॅमेरा मात्र रोखलेला असतो मजुरावर.

याहून धोक्याची गोष्ट पुढे आहे. चेहऱ्यावरचे भाव, नजर, पापण्यांची हालचाल टिपून माणूस खोटं बोलतो की खरं हे सांगण्याचा दावा करणारी यंत्रं जगात विकली जात आहेत. उद्या असं यंत्र परीक्षा केंद्रावर किंवा चौकशीच्या टेबलावर कुणी आणून ठेवलं तर फसू नका. असंख्य प्रयोगांची गोळाबेरीज करून 2006 मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की समोरच्याचं खोटं ओळखताना माणसाचा अंदाज शंभरातून 54 वेळाच बरोबर येतो, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासा बरा. जी खूण चेहऱ्यावर खात्रीने उमटतच नाही, ती कॅमेरा कुठून शोधणार? युरोपीय महासंघाने तर नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर फेब्रुवारी 2025 पासून, वैद्यकीय व सुरक्षेची कारणं वगळता, बंदी घातली आहे.

अशा यंत्रावर भिस्त ठेवल्याने काय होतं, याचा आपल्याकडचा दाखलाही आहे. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेत एका तरुणीला जन्मठेप दिली. जगभरातल्या तज्ज्ञांनी डोक्याला हात लावला, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. पुढे 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की संमतीशिवाय कुणाचीही नार्को, ब्रेन मॅपिंग किंवा लाय डिटेक्टर चाचणी करता येणार नाही. घाबरलेला चेहरा म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं आपला कायदा मानत नाही. तहसीलच्या पायरीवर पहिल्यांदा चढणारी म्हातारी घाबरलेलीच असते.

म्हणून आमची हात जोडून विनंती :

1. चेहरा जुळला नाही तर रिकाम्या हाताने परत फिरू नका. आधार पडताळणी फसली म्हणून लाभ नाकारू नये, असं आधार प्राधिकरणाचं 24 ऑक्टोबर 2017 चं परिपत्रक आहे. खऱ्या लाभार्थ्याला त्यापायी वंचित ठेवणार नाही, ही केंद्राची ग्वाही सर्वोच्च न्यायालयाच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात नोंदलेली आहे. वहीत सही-अंगठा आणि गावातल्या दोघांची साक्ष घेऊन त्याच दिवशी वस्तू द्या, असा आग्रह धरा.

2. तरीही नकार मिळाला तर कारण लेखी मागा. तारीख आणि नकार देणाऱ्याचं पद लिहून ठेवा.

3. घरातल्या वृद्धांचा आधारवरचा फोटो आणि मोबाइल नंबर अद्ययावत करून घ्या. लेकरांचं 5व्या आणि 15व्या वर्षी करायचं आधार अद्ययावतीकरण चुकवू नका.

4. ‘केवायसी करून देतो’ म्हणत दारात आलेल्या अनोळखी माणसाला चेहरा दाखवू नका, ओटीपी सांगू नका.

5. सुशिक्षित तरुणांनो, दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. तालुक्यात किती जणांची पडताळणी फसली, त्यांतल्या किती जणांना दुसऱ्या मार्गाने लाभ दिला, हे बालविकास प्रकल्प अधिकारी आणि तहसीलदार यांना विचारा. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

6. किल्लारीपासून बेलकुंडपर्यंत, लामजन्यापासून भादा-मातोळ्यापर्यंत प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा : ‘चेहरा पडताळणी फसली या एकाच कारणावरून आमच्या गावात कुणाचाही आहार, धान्य, मजुरी वा पेन्शन थांबवू नये.’ ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

सेविका, ग्रामसेवक आणि रेशन दुकानदार बंधू-भगिनींनाही एक विनंती. यंत्राने नाकारलेल्या माणसाला चारचौघांत ‘बोगस’ म्हणू नका. शंका असेल तर चौकशी करा, पण ती त्याच्या पदरात हक्काचं माप टाकल्यावर.

ग्रामसभेला स्वतः या, शेजारणीला आणा, आणि हा ठराव मंजूर झाल्याशिवाय उठू नका.

आपला,
एक औसेकर