‘मला वास येत नाही’

मराठीतला ‘वास येणे’ हा प्रयोग मोठा फसवा आहे. ‘माशाला वास येतो’ आणि ‘मला वास येतो’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात चतुर्थीतला मासा हे वासाचे उगमस्थान आहे, दुसऱ्यात चतुर्थीतला ‘मी’ त्या वासाचा अनुभव घेणारा आहे. विभक्ती तीच, क्रियापदही तेच. (दुसऱ्या वाक्याचा पहिल्यासारखा अर्थ वर्गातली मुले लगेच लावतात आणि हसतात, हे वेगळे सांगायला नको.) दृष्टीसाठी आपल्याकडे पाहणे आणि दिसणे अशी जोडी आहे; श्रवणासाठी ऐकणे आणि ऐकू येणे आहे. नाकासाठी ‘हुंगणे’ आहे खरे, पण तो प्रयत्न झाला. हुंगूनही काही जाणवले नाही तर त्या स्थितीसाठी स्वतंत्र क्रियापद नाही. डोळे गेलेला आंधळा, कान गेलेला बहिरा, वाचा नसलेला मुका. मग नाक धड असून गंध न जाणवणाऱ्याला काय म्हणायचे? ‘नकटा’ हा शब्द नाकाच्या आकाराविषयी आणि त्याहून अधिक अब्रूविषयी बोलतो. ‘नाक गेले’ म्हणावे तर तीही अब्रूच. आपल्या वाक्प्रचारांतले नाक कापले जाते, मुरडले जाते, त्याने कांदेसुद्धा सोलले जातात; वास मात्र ते क्वचितच घेते.

चरकसंहितेत वातविकारांच्या यादीत ‘घ्राणनाश’ नोंदलेला आहे. म्हणजे शास्त्राला ही व्याधी फार पूर्वीपासून ठाऊक होती. तो शब्द ग्रंथातच राहिला, बोलीत उतरला नाही. आणि हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही, हे २०२० साली आमच्या रायगड किनाऱ्यावर दिसून आले.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर दहाच दिवसांनी, १३ जूनला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणे यांचा कोविडच्या लक्षणांत समावेश केला. कित्येक गावांत तेव्हा वीज नव्हती, फोन लागत नव्हते. ही बातमी तिथे कशी आणि केव्हा पोहोचली असेल याची कल्पनाच केलेली बरी. पण ती वेळेवर पोहोचली असती तरी अडचण उरलीच असती, कारण आजारी माणूस दवाखान्यात जाऊन जे सांगत होता ते होते, ‘तोंडाला चव नाही’. ही तक्रार आपल्याकडे प्रत्येक तापात असते. तिच्यावर आल्याचा रस, लिंबाचे लोणचे आणि ‘आठ दिवसांत येईल’ हे उत्तर ठरलेले.

वास्तविक जिभेला कळतात ते गोड, आंबट, खारट, कडू असे मोजके भेद. सोलकढी आणि चिंचेचे सार यांतला फरक, नुसते आंबट आणि आमसुलाचे आंबट यांतला फरक जीभ सांगत नाही. घास चावताना घशामागून नाकात चढणारा गंध तो सांगतो. तेव्हा चव गेली असे म्हणणाऱ्या पुष्कळांची जीभ शाबूत होती, गेले होते ते नाक. हा विषाणू गंध ओळखणाऱ्या चेतापेशींवर थेट हल्ला करत नाही. त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशींवर करतो, असे त्याच वर्षीच्या संशोधनातून पुढे आले. म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. काहींचा मात्र महिनोन्‌महिने परतला नाही. काहींचा परतला तो विपरीत होऊन: कांदा-लसणाची फोडणी, कॉफी, भाजलेले-तळलेले पदार्थ सडके वाटू लागले. पांढऱ्या कांद्यासाठी नावाजलेल्या अलिबाग तालुक्यात कांदाच ओकारी आणू लागला तर माणसाने जेवायचे काय? आणि हे कोविडपुरतेच नाही. साध्या सर्दीचे विषाणूही असा घाला घालतात. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना ते पूर्वीपासून माहीत आहे.

या किनाऱ्यावर नाक ही चैनीची वस्तू नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुकट, सुके बोंबील यांवर अनेक घरे चालतात. ओला मासा कल्ले उचलून, डोळा बघून, बोटाने दाबून पारखता येतो. सुक्या म्हावऱ्याला पावसात ओल लागली, ते खवट व्हायला लागले, हे डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळते. पाटीमागे बसणाऱ्या कोळणीचे नाक गेले तर तिची पारख गेली, आणि गिऱ्हाइकासमोर हे कोण बोलून दाखवील? ‘माझ्या माशाला वास येत नाही’ ही तिच्या धंद्यातली ग्वाही आहे. ‘मला वास येत नाही’ ही त्याच धंद्यावरची कुऱ्हाड. एका विभक्तीत दोन्ही मावतात.

स्वयंपाकघरातही तेच. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात दुर्गंधी मर्कॅप्टन मिसळतात. म्हणजे सुरक्षेची अख्खी व्यवस्था घरातल्या बाईच्या नाकावर सोपवलेली आहे, आणि ते चालते की नाही हे कोणी विचारत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. तीत गंधहीनता नाही. मी कुणासाठी भत्ता मागत नाही. पण जी उणीव यादीतही नाही आणि बोलण्यातही नाही, ती नसल्यासारखीच धरली जाते, एवढे तरी मान्य व्हावे.

उपाय फार महागडे नाहीत. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये घ्राणाच्या सरावाची पद्धत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे, मन लावून हुंगायचे. सगळ्यांना गुण येतो असे नाही, काहींना येतो. लिंबू-लवंग कुठल्या घरात नाही? दिवेआगरला गुलाबाऐवजी केवडा घ्यावा, असे मी तरी सुचवीन. ओळखीच्या वासाला स्मृतीची साथ असते.

त्याआधी प्रश्न नीट विचारला जायला हवा. बाम हुंगवून ‘लागतंय का?’ असे विचारून चालत नाही. बामचा गारवा, अमोनियाचा झोंबरेपणा, कांदा चिरताना डोळ्यांना येणारे पाणी या संवेदना वेगळ्याच चेतातंतूने जातात. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही त्या होतात, आणि ‘हो’ असे उत्तर मिळाले की विषय संपतो. मर्कॅप्टनचा वास मात्र त्याला सापडत नाही.

नवा पारिभाषिक शब्द घडवण्याच्या मी विरोधात आहे; समितीने घडवलेला शब्द जेट्टीपर्यंत पोहोचत नाही. ‘घ्राणनाश’ केसपेपरावर खुशाल लिहावा. तोंडाने विचारताना आपल्याच बोलीतले एक क्रियापद पुरेसे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने, दारोदार फिरणाऱ्या आशाताईने ‘वास येतो का?’ असे न विचारता ‘मावशी, वास कळतो का?’ असे विचारावे. ‘कळण्या’त माशाकडे बोट जात नाही, माणसाकडेच जाते. त्यामागोमाग दुसरा प्रश्न असावा: ‘सुकटीचा डबा उघडलात, तर डोळे मिटून सांगता येईल का, आत काय आहे ते?’