खिलाडूवृत्तीचा उपदेश कोणास?

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मडगांवच्या फातोर्डा येथील क्रीडांगणावर सिंगापूरच्या फुटबॉल संघानें भारतीय संघाचा दोन विरुद्ध एक अशा गोलांनीं पराभव केला. चौदाव्या मिनिटास छांगटे यानें दुरून मारलेला चेंडू जाळ्यांत गेला, तेव्हां आम्हां सर्वांस जो हर्ष झाला, तो मध्यंतरापर्यंतहि टिकला नाहीं. चव्वेचाळिसाव्या मिनिटास सोंग उइ-यंग यानें बरोबरी केली. अठ्ठावन्नाव्या मिनिटास त्यानेंच दुसरा गोल केला. आणि उरलेल्या अर्ध्या तासांत आपल्या संघास त्यावर उत्तर सुचलें नाहीं. ह्या पराभवानें २०२७ च्या आशिया चषकाचें दार आपल्याला बंद झालें. चार सामने, दोन गुण आणि विजय एकहि नाहीं, असा तोंवरचा हिशेब होता. २०१९ व २०२३ ह्या दोन्ही स्पर्धांत ज्यांस प्रवेश मिळाला होता, त्यांस चोवीस संघांच्या पंगतींत या खेपेस पाटहि मिळाला नाहीं. आणि हें परमुलखांत नव्हे, तर जेथें पोर चालावयास लागण्यापूर्वींच चेंडूला लाथ मारतें असें म्हणतात, त्या गोव्याच्या भूमींत!

पराभव झाला कीं आपल्याकडे उपदेशकांचा सुकाळ होतो. हारजीत हा खेळाचा धर्मच आहे. ती एवढी मनाला लावून घेऊं नये. प्रेक्षकानें खिलाडूवृत्ति दाखवावी. टीका करून खेळाडूंचा उत्साह मारूं नये. संघाच्या पाठीशीं निमूटपणें उभें राहावें. हीं वाक्यें ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत, व त्यांचा एकदां नीट समाचार घ्यावा एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: खिलाडूवृत्ति हें प्रतिस्पर्ध्याचें देणें आहे, आणि तें त्यास शेवटच्या पैपर्यंत चुकतें केलें पाहिजे. परंतु ज्यांच्या हातीं ह्या खेळाची व्यवस्था आहे, त्यांचें तें देणें नव्हे. प्रतिस्पर्ध्याचें देणें व्यवस्थापकांच्या पदरांत टाकून वर त्यास उदारपणा म्हणावयाचें, हा व्यवहार आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम प्रतिस्पर्ध्याचें देणें देऊन टाकूं. सिंगापूर हें एक शहर आहे. त्याची वस्ती साठ लाखांच्या आसपास. जागतिक क्रमवारींत त्या दिवशीं तो संघ आपल्या खालीं होता. तो परक्या मैदानावर आला, एका गोलानें मागें पडला, डगमगला नाहीं, आणि जिंकून गेला. पुढें ता. १८ नोव्हेंबर रोजीं त्यानें हाँगकाँगलाहि त्याच्याच घरीं दोन विरुद्ध एक असें हरविलें व पात्रतेच्या मार्गानें आशिया चषकांत प्रथमच प्रवेश मिळविला. त्याचें आम्ही मनापासून अभिनंदन करतों. ‘पण तो सोंग तर मूळचा कोरियाचा!’ असें नाक मुरडून म्हणणारे लोक आम्हांस भेटले. त्यांस आमचें उत्तर असें कीं, तो गृहस्थ तरुणपणींच सिंगापुरास आला, तेथील क्लबांत वाढला आणि २०२१ सालीं तेथील नागरिक झाला. म्हणजे त्यास तेथील लीगनें घडविलें. ज्या देशांत परक्याचा मुलगा घडतो त्या देशाचा हेवा करावयाचा असेल तर तेथील क्लबांचा करावा. त्याच्या जन्मस्थळाची चौकशी करण्यांत काय हंशील?

दुसरा उपदेश पहिल्याहून घातक आहे. ‘फुटबॉल हा आपला खेळच नव्हे, त्यांत हरलों तर शोक कसला?’ असें म्हणणाऱ्यांस स्वतःच्या देशाचा इतिहास ठाऊक नसतो, असें मोठ्या खेदानें म्हणावें लागतें. १९५१ सालीं दिल्लीस पहिले आशियाई खेळ भरले, तेव्हां अंतिम सामन्यांत मेवालाल ह्याच्या गोलानें आपण इराणला नमविलें, तेंहि स्वगृहींच. १९५६ सालीं मेलबोर्नच्या ऑलिंपिकांत मुंबईच्या मैदानांवर नांवारूपास आलेल्या नेव्हिल डिसोझा ह्यानें खुद्द ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. आपण तो सामना चार विरुद्ध दोन असा जिंकला व त्या स्पर्धेंत चौथे आलों. १९६२ सालीं जाकार्त्यास दक्षिण कोरियाचा पराभव करून आपण पुन्हां आशियाचें सुवर्णपदक आणलें. मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली. तेव्हां आज ज्यांचीं नांवें आपलीं मुलें जपमाळेप्रमाणें घोकतात त्यांपैकीं कित्येक युरोपीय क्लब जन्मलेहि नव्हते. हा खेळ आपला नव्हे म्हणणें म्हणजे आजोबांची जमीन गहाण पडल्यावर ती आपली कधीं नव्हतीच असें म्हणून मन शांत करण्यासारखें आहे.

‘एकशेंचाळीस कोटींतून अकरा माणसें सांपडत नाहींत काय?’ हा प्रश्नहि दर पराभवानंतर मोठ्या आवेशानें विचारला जातो. ह्या प्रश्नाचा आवेश खरा, पण त्यांतील गणित खोटें. अकरा माणसें खानेसुमारींतून निवडावयाचीं नसतात. तीं लीगमधून निवडावयाचीं असतात. ज्यास वर्षांतून पुरेसे चुरशीचे सामने मिळतात त्याच्या पायांत ऐन वेळीं बुद्धि येते. कोट्यवधींची वस्ती नुसती रस्त्यानें चालली म्हणून तींतून गोलरक्षक निपजत नाहीं.

आतां तिसरा उपदेश घेऊं. प्रेक्षकांच्या ओरड्यानें खेळाडूंचा धीर सुटतो, असें म्हणतात. जाकार्त्यांत १९६२ सालीं तेथील प्रेक्षागार आपल्या संघाविरुद्ध सारखें ओरडत होतें. तरी सुवर्णपदक आपल्याच गळ्यांत पडलें. ओरड्यानें सामने हरत नाहींत. अर्थात् खेळाडूस शिवीगाळ करणें, त्याच्या जातीचा, प्रांताचा किंवा घरच्या माणसांचा उद्धार करणें, हा नीचपणा आहे, व त्याचें समर्थन आम्ही कदापि करणार नाहीं. परंतु गैरसोय सोसून, तिकिटाचे पैसे मोजून, घसा कोरडा पडेपर्यंत आपल्या संघास हांका मारणाऱ्या माणसानें शेवटीं ‘हें असें कां झालें?’ एवढेंहि विचारूं नये, हा कोठला न्याय? ज्यास प्रेम आहे त्यासच राग येतो. फातोर्ड्याहून जो माणूस मुकाट्यानें, हंसत हंसत घरीं गेला असेल, त्यानें खिलाडूवृत्ति दाखविली असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यास त्या सामन्याशीं कांहीं कर्तव्यच नव्हतें असें म्हणूं.

मात्र राग योग्य ठिकाणीं पोंचला पाहिजे, आणि येथें आमचें आमच्या सहप्रेक्षकांशींहि भांडण आहे. ता. २६ मार्च २०२४ रोजीं गुवाहाटीस अफगाणिस्ताननें आपल्याला असेंच एका गोलाची आघाडी दिल्यावर दोन विरुद्ध एक असें हरविलें. सुनील छेत्री ह्याचा तो दीडशेंवा सामना; आपला एकुलता एक गोलहि त्याचाच. त्या दिवशीं सारा कोप प्रशिक्षक स्टिमाच ह्यांच्यावर फुटला. जून महिन्यांत ते गेले. त्यांच्या मागून मानोलो मार्केझ आले, व २०२५ च्या जुलैंत तेहि गेले. मग खालिद जमील आले. त्यांच्या हाताखालीं संघानें मध्य आशियांतील स्पर्धेंत ओमानला नमवून तिसरा क्रमांक मिळविला, आणि लगेच पुढच्या महिन्यांत फातोर्डा घडलें. दीड वर्षांत तीन प्रशिक्षक झाले. पराभवाचा आंकडासुद्धां बदलला नाहीं! घर गळत असतां भाडेकरू बदलून कौलें नीट होत नाहींत, एवढें तरी ह्यावरून आपण शिकावें.

मग हीं फुटलेलीं कौलें कोणतीं? त्यांचा शोध घेण्यास फार दूर जावयास नको. ज्या देशव्यापी लीगमध्यें आपले बहुतेक राष्ट्रीय खेळाडू खेळतात, तिचा नवा हंगाम ता. ११ जुलै २०२५ रोजीं स्थगित करण्यांत आला. कारण, महासंघ व त्याचा व्यापारी भागीदार यांच्यामधील २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपावयाचा होता, आणि पुढें काय हें ठरलेलें नव्हतें. करार कोणत्या वर्षीं संपणार हें पंधरा वर्षें आधीं ठाऊक असतां त्याची तजवीज होऊं नये, ही दैवाची करणी नव्हे. फातोर्ड्याचा सामना झाला त्या दिवसापर्यंत त्या हंगामांतील लीगचा एकहि सामना झालेला नव्हता. प्रतिपक्षाचा हल्ला येतांच पाय कोठें ठेवावा हें ज्या सरावानें कळतें, तोच ज्यांचा तुटला, त्यांस नव्वद मिनिटें चुरशीनें खेळा म्हणून मैदानांत लोटलें, आणि ते दमले तेव्हां प्रेक्षकांस सांगितलें, ‘खिलाडूवृत्ति ठेवा!’

हा प्रकार एका वर्षाचाहि नाहीं. २०२२ च्या ऑगस्टमध्यें जागतिक संघटनेनें आपल्या महासंघास अकरा दिवस निलंबित केलें होतें. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयांत वर्षानुवर्षें चालला, व त्या घटनेस मंजुरी मिळाली ती २०२५ च्या सप्टेंबरांत, म्हणजे ह्या सामन्याच्या अवघे चार आठवडे आधीं. त्या मुदतींत क्लबांचें काय झालें तें पाहा. २००५–०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० सालीं बंद झाला. पांच वेळां राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेंपो, दोन वेळां विजेता ठरलेला साळगांवकर, व त्यांच्याबरोबर स्पोर्टिंग क्लब, ह्या तिघांनीं २०१६ सालीं राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलें. नव्या व्यवस्थेंत आपल्याला मानाचें स्थान उरणार नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. त्या तक्रारींत सर्वस्वीं तथ्य होतें कीं नाहीं ह्याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पण ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरविले तीं घरें अशीं ओस पडूं लागलीं, तेव्हां दिवे लावावयास कोण गेलें होतें? फातोर्ड्याचा पराभव १४ ऑक्टोबरला झाला असें पंचांग सांगतें. तो होण्यास आरंभ मात्र त्याच्या कितीतरी वर्षें आधीं झाला होता.

सुशिक्षित कुटुंबांसहि येथें दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. ता. १३ डिसेंबर २०२५ रोजीं कलकत्त्याच्या सॉल्ट लेक क्रीडांगणांत मेस्सी ह्याचें दर्शन नीट घडलें नाहीं म्हणून जमलेल्या लोकांनीं खुर्च्या उखडून मैदानांत फेंकल्या. तेथें सामना नव्हता, हार नव्हती, केवळ एका थोर खेळाडूचें मुखावलोकन होतें, व त्यासाठीं लोकांनीं हजारों रुपये मोजले होते. मेस्सीच्या थोरवीविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु ज्या देशांत मूर्तीच्या दर्शनासाठीं खुर्च्या मोडतात, आणि जिल्ह्याच्या लीगचा सामना पाहावयास चार माणसें जमत नाहींत, तेथें व्यवस्थापकांस कोणाचें भय वाटावें? दुपारीं मुलगा मैदानावर गेला कीं ‘अभ्यास बुडाला’ म्हणून हळहळणारें घर रात्रीं युरोपांतील सामना पाहतांना जागतें, आणि राष्ट्रीय संघ हरला कीं ‘आपल्या लोकांत दमच नाहीं’ असा निकाल देऊन मोकळें होतें. हा निकाल देण्याचा अधिकार त्या घरास कोणीं दिला?

आमची मागणी अवास्तव नाहीं. विजयाची हमी आम्ही मागत नाहीं. तशी हमी देणारा खेळ हा खेळच नव्हे. हंगाम सुरू होण्यापूर्वीं त्याचें वेळापत्रक जाहीर व्हावें व तें पाळलें जावें. करार संपण्याच्या आधीं पुढील व्यवस्था ठरावी. प्रत्येक पात्रता-स्पर्धेनंतर महासंघानें संघाच्या तयारीचा, सामन्यांचा व खर्चाचा वृत्तांत लोकांपुढें ठेवावा. मुंबईच्या व गोव्याच्या जुन्या क्लबांची आणि शाळांच्या मैदानांची चौकशी पराभव होण्याची वाट न पाहतां व्हावी. ह्यांत एकहि गोष्ट अशी नाहीं कीं जिच्यासाठीं परदेशांतून देवदूत आणावा लागेल. तारीख पाळण्यास प्रतिभा लागत नाहीं.

हें होईपर्यंत आम्ही रागावलेलेच राहणार. प्रतिस्पर्ध्यानें चांगला गोल केला तर आम्ही टाळी वाजवूं. आपला खेळाडू धांवतां धांवतां पडला तर त्यास उठ म्हणूं. पुढच्या सामन्यास पुन्हां तिकीट काढूं. पण हारजीत चालावयाचीच, हें वाक्य मैदानांत धांवून घामाघूम झालेल्या माणसाच्या तोंडीं शोभतें. सावलींत बसून तारखा चुकविणाऱ्याच्या तोंडीं तें शोभत नाहीं. त्यानें तें उच्चारलें, तर त्यास उत्तर देण्याचा हक्क आम्ही सोडणार नाहीं.