गाणें कोणाचें?

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत एकच गाणें तीन नांवांनीं ओळखलें जातें. आजोबांस तें संगीतकाराचें वाटतें, सूनबाईंस गाणाऱ्या बाईंचें, आणि मुलांस पडद्यावरील नटाचें. कवीचें नांव निघतें तें सर्वांत शेवटीं, व तेंही कोणीं मुद्दाम विचारलें तर. असें कां व्हावें, याचा विचार अकोला-अमरावतीकडील आमच्या वाचकांबरोबर या महिन्यांत करावा असें आम्हीं योजिलें आहे. मात्र त्यासाठीं वाट जरा लांबची, अमेरिकेवरून जाणारी, घेतों.

१९४८ सालीं हॉलिवुडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें ‘वर्ड्स अँड म्यूझिक’, म्हणजे ‘शब्द आणि संगीत’, हा बोलपट काढला. रिचर्ड रॉजर्स हा संगीतकार व लॉरेन्झ हार्ट हा गीतकार, या जोडीची ती कथा. दोघांची गांठ १९१९ सालीं पडली व पुढें न्यूयॉर्कची रंगभूमि त्यांनीं गाजवून सोडली. त्यांची रीत अशी कीं, चाल आधीं रॉजर्सनें बांधावयाची व मग हार्टनें तींत शब्द बसवावयाचे. आपल्या जुन्या नाट्यपदांपैकीं किती तरी याच रीतीचीं आहेत! रॉजर्स वक्तशीर, हार्ट मद्याच्या आहारीं गेलेला, हवा तेव्हां न सांपडणारा. १९४३ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला.

बोलपटांत जूडी गार्लंड गाते, जीन केली नाचतो, गाणीं एकाहून एक सरस आहेत. परंतु हार्टचें दुःख एका फसलेल्या प्रेमावर व त्याच्या ठेंगण्या बांध्यावर घालून पटकथाकार मोकळे झाले. त्याच्या मनाची ओढ पुरुषांकडे होती, व ती गोष्ट उघड बोलण्याची त्या समाजांत सोय नव्हती; पडद्यावर तर नव्हतीच. पण आमच्या मतें याहून साधी एक अडचण उरतेच. चाल कानांनीं ऐकूं येते, नाच डोळ्यांनीं दिसतो. कवीचें काम म्हणजे एक मनुष्य कागदापुढें बसला आहे, एवढेंच. तें किती वेळ दाखवावें?

आपल्याकडे निघालेले अलीकडचे दोन चित्रपट पाहतां हीच गोष्ट ध्यानांत येते. ‘मी वसंतराव’ (२०२२) हा वसंतराव देशपांड्यांवरील चित्रपट. त्यांचा जन्म १९२० सालीं अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूरचा. आजोबांची भूमिका नातवानें, राहुल देशपांडे यांनीं, केली व गाणींही त्यांनींच गाइलीं. लष्करी हिशेब खात्यांत कारकुनी करणाऱ्या मनुष्याच्या गळ्याला मान मिळण्यास किती वर्षें लागतात, हें त्यांत फार चांगलें उतरलें आहे. दुसरा ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ (२०२४). पहिला गायकाचा, दुसरा संगीतकाराचा. दुसऱ्यांत गदिमा आहेत खरे, परंतु पाटीवरील नांव एकाचेंच.

वस्तुतः १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’इतकी बरोबरीची भागी दुसरी कोठें दाखवितां येईल? आठवड्यास एक याप्रमाणें छप्पन गीतें. येथें रीत उलटी: शब्द आधीं, चाल मागून. (वसंतराव देशपांडेही यांतील गायकांपैकीं एक होते.) पहिल्याच गीताचा कागद फडक्यांकडून हरवला, माडगूळकर संतापले, आणि सीताकांत लाड यांनीं त्यांना एका खोलींत कोंडल्यावर पंधरा मिनिटांत गीत पुन्हां उतरलें, असें सांगतात. ही गोष्ट सर्वांस आवडते. आमच्या मनांत मात्र उरलेले पंचावन्न आठवडे येतात. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाहीं.

आतां अमरावती. वीर वामनराव जोशी यांचें ‘रणदुंदुभि’ १९२७ सालीं बळवंत संगीत मंडळीनें रंगभूमीवर आणलें. पदें जोशांचीं, चाली वझेबुवांच्या, गळा मास्टर दीनानाथांचा. त्याच अमरावतींत १९३२ सालीं सुरेश भट जन्मले. वडील डॉक्टर, आई कवितेची शौकीन, आणि बालपणींच पोलिओनें अधू झालेला पाय. त्यांच्या शब्दांना चाली दिल्या त्या दीनानाथांच्या पुत्रानें, हृदयनाथांनीं. ‘सिंहासन’ (१९७९) मधील गाणें व ‘उंबरठा’ (१९८२) मधील गझल कोणास ठाऊक नाहीं? बापाच्या गळ्याला शब्द अमरावतीचे, मुलाच्या चालींनाही शब्द अमरावतीचेच. अशा योगावर एखादा पटकथाकार लुब्ध व्हावयास हवा! ‘उंबरठा’मधील ती गझल मात्र घरोघर लताबाईंचीच म्हणून ओळखली जाते. लताबाईंचा स्वर तसा आहेच, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु तींतली रिकामी मैफल आधीं एका कवीनें एकट्यानें पाहिली होती.

‘रणदुंदुभि’चीं पदें वऱ्हाडांतील ज्या घरांत म्हटलीं जात असत, तेथील मंडळींनीं वडिलांकडून, आजींकडून ऐकलेल्या आठवणी आम्हांस अवश्य लिहून धाडाव्या. नटांचीं नांवें छापील मिळतात. माजघरांत तीं पदें कोण म्हणत असे, आणि म्हणतांना जोशांचें नांव निघत असे कीं नाहीं, तेवढें कळवावें.