डॅशबोर्ड तडकलाय? झाकू नका, सांधा!

घरात बारा-पंधरा वर्षांची गाडी असेल, तर तिच्या डॅशबोर्डवरची ती केसाळ चटई एकदा उचलून बघा. खाली तडा सापडण्याची शक्यता बरीच आहे. मग मित्र म्हणणार, 'काहून बे, भंगारात काढता का आता?' घरीही विषय निघतो. विकून टाकू, नवी घेऊ, हप्ते भरू. एका तड्यापायी पाच-सात वर्षांचे हप्ते! मला हा हिशेब पटत नाही. तो तडा आपल्या वऱ्हाडच्या उन्हाने पाडलाय, आणि बहुतेक वेळा तो सांधता येतो.

आठवा, मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला, तेव्हा चक्क कलम १४४ लागू झालं होतं. खासगी क्लासेसनाही दुपारच्या वेळा टाळायला सांगितलं होतं. तुम्ही दुपट्टा बांधून कूलरपुढे पळालात, गाडी मात्र पार्किंगमध्ये तशीच तापत राहिली. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात संशोधकांनी तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्या मोजल्या, तर डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला होता. डॅशबोर्डचा वरचा थर मऊ राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं रसायन असतं. उन्हाने ते हळूहळू उडून जातं. काचेला आतून धुरकट, चिकट थर बसतो ना, त्यात तेच असतं. उरलेला थर सुकतो, आकसतो, आणि एका दिवशी फाटतो.

वर आपले रस्ते. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज विक्रम झाला. अभिनंदन! पण आपल्या जुन्या गाड्यांनी त्याआधीचे खड्डेही खाल्लेत.

आता दुरुस्तीचं. आधी बोटाने दाबून बघा. टणक लागला तर नुसतं प्लास्टिक, दबला तर आत फोम. टणक असेल तर सुटा होणारा भाग काढून मागच्या बाजूला कोरलेली अक्षरं शोधा. 'एबीएस' असेल तर सोपं: त्याच प्लास्टिकचे तुकडे एसीटोनमध्ये विरघळवून लापशी करा आणि मागून जाळीचा तुकडा ठेवून तडा भरा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ आग नको. 'पीपी' असेल तर साधा गोंद धरणारच नाही, तिथे गरम करून प्लास्टिक वेल्डिंगच लागतं. दोन्हीकडे तड्याच्या टोकाला आधी बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही. नंतर पॉलिश पेपर, प्रायमर, मॅट रंग. चकचकीत रंग आणि ते तेलकट पॉलिश दोन्ही टाळा. दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि पुढचा ट्रॅक्टर दिसत नाही.

फोमवाल्या डॅशबोर्डवर फेविक्विक ओतू नका. तो दगडासारखा होतो आणि शेजारी नवा तडा जातो. तिथे लवचिक फिलर लागतो, किंवा सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराकडून रेक्झिन चढवून घ्या. हे काम करणारे हात आपल्या गावात आहेत. त्यांच्याजवळ अर्धा दिवस उभं राहून बघा, इंजिनिअरिंगवाल्यांनी तर नक्कीच. लेक्चरमध्ये पॉलिमर शिकता, इथे तो हाताला लागतो.

पण एका ठिकाणी मी स्वतः करून बघा म्हणणार नाही. डावीकडे 'एसआरएस एअरबॅग' लिहिलं असेल, तर त्या झाकणाला हात लावू नका. ते पापणी लवायच्या आत फाटून उघडावं म्हणून मुद्दाम तसं बनवलेलं असतं. त्यावर पुट्टी भरली, रेक्झिन ताणलं, तर पिशवी अडेल किंवा भलतीकडून फुटेल. तिथेच चिकटवलेली देवाची मूर्ती तर सरळ तोंडावर येईल. आई त्याच सीटवर बसते ना? मग तडा त्या झाकणावर असेल तर तो भाग कंपनीच्या सेंटरमध्ये बदलूनच घ्या. महाग पडेल, पडू द्या.

बाकीच्या तड्यांवर मात्र उगाच पैसे उधळू नका. १५ वर्षांनी पुनर्नोंदणीला आरटीओत गेलात, की कारचं शुल्कच ५,००० रुपये आहे. तिथे ब्रेक, दिवे, धूर बघतात. वाचलेले पैसे टायरला आणि ब्रेकला घाला.

आणि दुरुस्ती नवतप्यात काढू नका. तापून फुगलेल्या प्लास्टिकचा तडा भराल, आणि रात्री प्लास्टिक आकसलं की भरलेला माल सुटू शकतो. सकाळी, सावलीत करा. नंतर काचेमागे ऊन अडवणारा पडदा लावायला लागा. कडुनिंब सापडला तर त्याखालीच गाडी लावा, पाखरं घाण करतात तेवढी धुऊन काढा.