गोष्ट कोणाच्या तोंडची?

प्रतिवर्षीं वार्षिकाचा अंक तयार करण्याची वेळ आली म्हणजे विद्यार्थ्यांनीं लिहिलेल्या गोष्टींचा एक मोठा गठ्ठा आमच्यापुढें येतो. त्या आम्ही आवडीनें वाचतों. अक्षर बहुधा चांगलें असतें, शुद्धलेखनाकडेही लक्ष दिलेलें दिसतें. आणि तरीही गठ्ठा संपत आला म्हणजे मनास एक प्रकारची रुखरुख लागून राहते. दहा गोष्टी दहा निरनिराळ्या मुलामुलींनीं लिहिलेल्या असतात, पण त्या सर्व एकाच तोंडून निघाल्यासारख्या वाटतात. प्रत्येक गोष्टींत सूर्यनारायण अस्तास जात असतो, मंद वारा वाहत असतो, नायक एखाद्या श्रीमंत डॉक्टराचा किंवा कारखानदाराचा मुलगा असतो, आणि शेवटीं कोणी तरी मोटारीखालीं सांपडून मरतें. लिहिणारा मुलगा मात्र विणकराच्या घरचा असतो व त्याच्या घरांत पहांटेपासून माग खडखडत असतो. त्या मागाचा आवाज त्याच्या गोष्टींत कोठेंही ऐकूं येत नाहीं.

गोष्ट लिहिणाऱ्याचा स्वतःचा सूर म्हणजे काय, तो कसा सांपडतो आणि कसा वाढवावा, याविषयीं आमचे विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावे, असें आम्हांस या कारणानें वाटलें.

प्रथम आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. ज्या मुलाचा वर उल्लेख केला, त्यास आम्हीं मधल्या सुटींत बोलतांना ऐकलें होतें. घरांतील सरपणांत साप शिरला असतां त्याच्या आजीनें सर्वांस जागच्या जागीं कसें उभें केलें, मागचें दार हळूच कसें उघडलें, आणि साप बाहेर निघून जाईपर्यंत ती काय काय बोलत होती, हें तो सांगत होता. दहा-बारा मुलें त्याच्याभोंवतीं तोंडाचा आ करून उभीं होतीं. घंटा झाली तरी कोणी हालेना. पुढें तीच हकीकत त्यानें निबंधाच्या वहींत लिहिली. तींत आजीच्या तोंडीं त्यानें असें वाक्य घातलें होतें : “गप ऱ्हा रं. त्योबी भ्यालाय.” आम्हीं तांबडी शाई घेतली, तें वाक्य खोडलें, आणि वर लिहिलें : “शांत राहा. तोही भयभीत झाला आहे.” व्याकरण सुधारलें, परंतु आजी वहींतून निघून गेली. त्यानंतर त्या मुलानें आजीविषयीं एक अक्षरही लिहिलें नाहीं. मोटार आणि मंद वारा यांची नांवनिशाणी त्याच्या लिहिण्यांत त्या दिवसापासून दिसूं लागली, हें आम्हांस फार उशिरां उमगलें.

आतां कोणी म्हणेल कीं, स्वतःचा सूर म्हणजे घरची बोली, एवढाच काय तो तुमचा अर्थ! तसें नाहीं. बोली हा सुराचा एक भाग आहे. आपल्या नजरेस काय पडतें, त्यांतील कोणती गोष्ट आपण आधीं सांगतों, कोणती मागें ठेवितों, कशास हसतों आणि कोठें गप्प बसतों, या सर्वांचा मिळून सूर होतो. एकाच आठवड्याच्या बाजाराचें वर्णन तीन मुलांस करावयास सांगावें. शेतकऱ्याच्या मुलास बैलांचे भाव आठवतील. दुकानदाराची मुलगी तराजूची दांडी कोणीकडे झुकली तें सांगेल. आणि जिची आई भाजी विकावयास बसते, ती मुलगी दिवेलागणीस पाटींत उरलेल्या मेथीच्या चार जुड्यांविषयीं लिहील. या तिघांनींही ‘बाजारांत मोठी गर्दी होती व सर्वत्र आनंद पसरला होता’ असें लिहिलें, तर वाचणाऱ्यास तीन मुलांपैकीं एकही भेटला नाहीं, असें म्हणावें लागेल.

अनुकरण करणें हें पाप आहे, असें मात्र कोणी समजूं नये. मराठी कादंबरीचा पाया ज्यांनीं भक्कम केला ते हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ ही १८८५ सालची. त्या काळीं इंग्रजी शिकलेले तरुण रेनॉल्ड्स नांवाच्या इंग्रज कादंबरीकाराचीं पुस्तकें मोठ्या हौसेनें वाचीत, आणि हरिभाऊंनींही त्या कादंबरीस त्याच्याच एका पुस्तकाचा आधार घेतला होता. एकवीस वर्षांच्या तरुणानें दुसऱ्याचें बोट धरून चालावयास शिकावें, यांत नवल नाहीं. नवल आहे तें पुढेंच. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक सुरू केलें व त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमाक्रमानें छापली. यमू नांवाची एक स्त्री आपली हकीकत आपणच सांगत आहे, अशा रीतीनें ती सर्व लिहिलेली आहे. माहेरचें बाळपण, सासरची धास्ती, माजघरांतील कुजबूज, वैधव्याचें दुःख, हें सर्व यमूच्या शब्दांत येतें. हें रेनॉल्ड्स त्यांस शिकवूं शकला नसता. त्याकरितां स्वतःच्या समाजांतील घरें पाहावयास हवीं होतीं, आणि घरांतल्या बायका आपसांत काय बोलतात इकडे कान द्यावयास हवा होता.

या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. लिहिणारा पुरुष, आणि बोलणारी एक मुलगी! तेव्हां स्वतःचा सूर म्हणजे नेहमीं स्वतःचीच कहाणी, असेंही नाहीं. जो दुसऱ्याचें मन लावून ऐकतो, त्यास दुसऱ्याविषयीं लिहितांनाही आपला सूर सांपडतो. जो कोणाचेंच ऐकत नाहीं, तो स्वतःविषयीं लिहीत असतांनाही उसनेंच बोलतो.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचीं ‘स्मृतिचित्रें’ हें आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे. तरी गोष्ट सांगणाऱ्याचा सूर कसा असावा, हें शिकावयास त्याहून चांगलें पुस्तक आम्हांस ठाऊक नाहीं. त्याचे भाग १९३४ पासून १९३६ पर्यंत निघाले. लक्ष्मीबाईंस शाळेचें असें शिक्षण मिळालें नव्हतें. लिहावयास-वाचावयास त्या शिकल्या त्या लग्नानंतर, पति नारायण वामन टिळक यांच्यापाशीं. वडिलांच्या सोंवळ्याच्या अतिरेकाविषयीं त्या सांगतात, तेव्हां ओसरीवर बसून कोणी वडीलधारी बाई आपल्याशीं बोलत आहे, असा भास होतो. त्या जितक्या मोकळेपणानें दुसऱ्यांस हसतात, तितक्याच मोकळेपणानें स्वतःसही हसतात. पुस्तकी भाषेचा दागिना त्यांनीं अंगावर घातला नाहीं, म्हणूनच त्यांचें लिहिणें शिळें होत नाहीं.

येथें पालकांच्या दोन शंका आम्हांस ऐकूं येतात. पहिली शंका अशी : “मुलें अशी घरची भाषा लिहूं लागलीं, तर परीक्षेंत त्यांचे गुण जाणार नाहींत काय?” शंका रास्त आहे. प्रमाण मराठी प्रत्येक विद्यार्थ्यास उत्तम आलीच पाहिजे. ती शिकविण्याकरितां तर आम्ही येथें आहों. परंतु गोष्टींत दोन्हींस जागा आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पालकांनीं अवश्य पाहावी. माणदेशांतील धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालविण्यास गेलेला तरुण मास्तर ही गोष्ट सांगतो. त्याचें निवेदन साध्या, नेटक्या प्रमाण मराठींत आहे. धनगर मात्र आपल्या बोलींत बोलतात. दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं सुखानें नांदतात, आणि एकीमुळें दुसरीचें तेज कमी होत नाहीं. आमच्या तांबड्या शाईनें एवढा भेद ओळखला असता, तर त्या आजीवर घर सोडण्याची पाळी आली नसती.

दुसरी शंका याहून नाजूक आहे : “घरांतील उणेंदुणें मुलांनीं चार लोकांत सांगावें काय?” कोणाचें गुपित चव्हाट्यावर मांडावें, असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. नांव बदलावें, गांव बदलावें, प्रसंगही बदलावा. कथा ही कल्पित असते, तिला तें स्वातंत्र्य आहेच. मात्र मनांतील भाव बदलूं नये. सावकार दारांत उभा असतां आईनें पदर सांवरून जें उत्तर दिलें, तें मुलाच्या काळजांत कोरलेलें असतें. तें उत्तर तो कोणत्याही गांवच्या, कोणत्याही आईच्या तोंडीं घालूं शकतो. आपल्या गरिबीची लाज वाटून मुलानें कागदावर खोटा बंगला बांधला, तर त्यांत गोष्टीचें नुकसान आहेच, पण मुलाचें अधिक आहे. आपलें घर लिहिण्याच्या लायकीचें नाहीं, हा धडा तो नकळत शिकतो. आणि असा धडा एकदां शिकलेलें मूल तो सहसा विसरत नाहीं.

सूर सांपडला तरी तो आपोआप वाढत नाहीं. गवयास जशी रोजची मेहनत, तशी लिहिणाऱ्यासही हवी. गोष्ट लिहिण्यापूर्वीं ती कोणास तरी सांगून पाहावी. ऐकणारा कोठें पुढें सरकतो व कोठें जांभई देतो, हें पाहावें. एक लहानशी वही जवळ ठेवावी, आणि बसमध्यें, पाणवठ्यावर, दुकानांत कानीं पडलेलें एक तरी वाक्य जसेंच्या तसें रोज टिपून ठेवावें. लिहून झालेली गोष्ट आठ दिवस बाजूस ठेवून मग मोठ्यानें वाचावी. जें वाक्य आपल्या धाकट्या बहिणीपुढें वाचतांना आपल्यासच अवघडल्यासारखें होतें, तें बहुधा कोठून तरी आणलेलें असतें. तें निर्दयपणें काढून टाकावें. वाचन पुष्कळ करावें, आणि एकाच लेखकाचें करूं नये. जो एकाचेंच वाचतो, तो त्याचा नकलाकार होतो. जो अनेकांचें वाचतो, त्यास प्रत्येकाचा सूर निराळा आहे हें कळतें, आणि मग आपलाही निराळा असण्यास हरकत नाहीं, असा धीर त्यास येतो.

पालकांकडे आमचें मागणें थोडें आहे. मूल कांहीं सांगूं लागलें, तर हातांतील काम घटकाभर ठेवून तें ऐकावें. आपल्या लहानपणच्या हकीकती त्यास सांगाव्या. त्याच्या लिहिण्यांत आपलें घर दिसलें, तर रागावूं नये. मुलानें आपणांस नीट पाहिलें, याचा आनंद मानावा.

आम्हां शिक्षकांपुरतें सांगावयाचें, तर गेल्या महिन्यांत आम्हीं त्या मुलास बोलावून सापाची गोष्ट पुन्हा लिहून आणण्यास सांगितलें. तो कांहीं वेळ खालीं पाहत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, आजी बोलते तसंच लिहूं का?” त्यास हा प्रश्न विचारावा लागला, यांतच आमचा दोष दिसून येतो. आम्हीं होय म्हणून सांगितलें. हा अंक छापावयास जाईपर्यंत त्याची गोष्ट आमच्या हातीं आलेली नाहीं. ती येईल, त्या दिवशीं तांबड्या शाईची दौत आम्ही बाजूस ठेवूं, आणि प्रथम ती गोष्ट नुसती ऐकूं.